नातेवाईकाची पट्टी

नर्सिंग कॉलेजात सरावाच्या प्रसंगाआधी पट्ट्या वाटायचं काम मॅडम स्वतः करायच्या. पट्ट्यांच्या कपाटाला त्या दुसऱ्या कोणाला हातही लावू देत नसत. कापडी पट्ट्या, गळ्यात अडकवायच्या, पुढे ठळक अक्षरात भूमिका लिहिलेली. मुख्य नर्स, औषध, नोंद, निरीक्षक आणि नातेवाईक. जिच्या गळ्यात जी पट्टी, ती त्या तासापुरती तेवढीच. औषधवालीने रक्तदाब मोजायचा नाही, नोंदवालीने पेशंटला हात लावायचा नाही, निरीक्षकाने कोपऱ्यातल्या स्टुलावर तोंडाला कुलूप घालून बसायचं. आणि नातेवाईकाने काय करायचं? मध्ये मध्ये करायचं, रडायचं, नर्सची बाही ओढायची, आणि शेवटी ती जे सांगेल ते ऐकून "समजलं" म्हणायचं.

नातेवाईकाने "समजलं" म्हटलं की प्रसंग संपला. तसा नियमच होता. लगेच मोठे दिवे लागायचे, स्पीकरमधून मॅडमचा आवाज यायचा, "संपलं, बाहेर या," आणि सगळ्याजणी शेजारच्या खोलीत जाऊन रेकॉर्डिंग बघत आपापल्या चुका ऐकायच्या.

नातेवाईकाची पट्टी कोणालाच नको असे. त्यात शिकण्यासारखं काय? मॅडम ती बहुतेक वेळा वर्गातल्या सगळ्यात गरीब, मानडोलव्या पोरीला द्यायच्या. यंदा मात्र ती वकिलाच्या गळ्यात पडली. वकील म्हणजे खरी वकील नव्हे, तिसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी. पण तोंड असं चालायचं की पहिल्याच महिन्यात नाव पडलं. झालं होतं एवढंच, की मॅडम वर्गात म्हणाल्या, "नातेवाईक हा कामातला अडथळा असतो, तो हाताळायला शिका." तर ही बसल्या जागेवरून म्हणाली, "अडथळा रस्त्यात असतो मॅडम. नातेवाईक माणूस असतो." वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"एवढा कळवळा आहे ना? मग तुम्हीच व्हा नातेवाईक. परीक्षेपर्यंत."

"होईन की," वकील म्हणाली. मागे सरणं तिच्या रक्तातच नव्हतं.

सरावाची खोली तळमजल्यावर होती आणि तिला खिडकी नव्हती. एक पलंग, पायाशी हँडल फिरवून डोकं वर करायचा. भिंतीत ऑक्सिजनचा नळ, जो भिंतीच्या पलीकडे कशालाच जोडलेला नव्हता. सलाईनच्या बाटलीत साधं पाणी, ट्रॉलीत रिकाम्या कुप्या. एका भिंतीला मोठी काळी काच. आतून बघितलं तर आपलंच तोंड दिसायचं आणि पलीकडून मॅडम आपल्याला बघत असायच्या. पलंगावर पेशंट.

पेशंट म्हणजे रबर आणि प्लास्टिकचा अख्खा बाप्या. पलंगाखालचा कॉम्प्रेसर घरघरला की छाती वर-खाली व्हायची. मनगटात बारीकशी मोटर टकटकायची, ती नाडी. पापण्या मिटताना टक्क करून आवाज यायचा. अंग चिकट होऊ नये म्हणून त्याला पावडर चोपडून ठेवत, तरी जवळ गेलं की नव्या रेनकोटचा वास यायचा. बोलायचा तो गळ्यात बसवलेल्या स्पीकरमधून, आणि त्याच्या वतीने काचेमागून तंत्रज्ञ माइकवर बोलायचा. पोरींनी तंत्रज्ञाचं नाव आकाशवाणी ठेवलं होतं. आकाशवाणीचं नाटक ठरलेलं: आधी खोकला, मग "आई गं", मग "सिस्टर, जीव घाबराघुबरा होतोय." बिचारा दिवसातून इतक्या वेळा मरायला टेकायचा की त्याचा चहा नेहमी गार होई.

पहिल्या दिवशी कार्डावर लिहिलं होतं, तुम्ही पेशंटची पुतणी आहात. मुख्य नर्सची पट्टी शिडीकडे होती. शिडी वकिलाची मैत्रीण. ताडमाड उंच, हात अगदी हलका, पण कोणी जरा डोळे वटारले की पाणी व्हायची. वकिलाने ठरवलं, शिक्षा म्हणून दिलीय ना भूमिका, मग अशी करून दाखवते की बघत राहतील. तिने रडारड केली नाही. स्टूल पलंगाला लावलं, त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "सिस्टर, काकांना सकाळपासून कोणी पाणी विचारलं का?"

शिडी गडबडली. औषधवाली खुदकन हसली. शिडी ट्रॉलीकडे वळली, आणि तेवढ्यात अगदी हळू, झोपेतून उठलेल्या माणसासारखा आवाज आला.

"वारा कुठून येतोय?"

आकाशवाणीने आज नवीन काहीतरी काढलंय, असं तिला वाटलं. तीही काही कमी नव्हती. "इथे वारा नाही, काका."

"येतोय. पायांना लागतोय."

तिने चादर ओढून पायांवर घातली. मग शिडीने येऊन सांगितलं, ताप उतरलाय, काळजी करू नका. तिकडे तो हळू आवाज पुन्हा सुरू झाला होता, "पोरी, तू ज—" आणि वकील सवयीने म्हणून गेली, "समजलं." आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. दिवे लागले.

बाहेर बोळात तिने आकाशवाणीला गाठलं. "वाऱ्याचं काय काढलंत हो मध्येच?"

"कसला वारा? मी खोकलो, आई गं म्हणालो, आणि माइक बंद करून चहा पीत बसलो."

"थट्टा करताय का?"

"तुमची? माझी काय टाप आहे, वकीलबाई!"

शेजारच्या खोलीत रेकॉर्डिंग लागलं. पडद्यावर वकील पलंगाशी वाकलेली, म्हणतेय, "इथे वारा नाही, काका." त्यानंतर नुसती शांतता. त्यानंतर ती चादर ओढते. पेशंटचा जबडा हलत नव्हता. हलायची त्यात सोयच नव्हती. मॅडमनी चित्र तिथेच थांबवलं.

"चादर का ओढलीत?"

"त्यांना गार लागत होतं."

सगळा वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं चित्र लावलं. वकिलाला ते जरा चमत्कारिकच वाटलं, कारण एरवी मॅडम तिची एक चूक सोडत नसत.

त्यानंतर तिने एक गोष्ट ताडली. तो आवाज यायचा तो फक्त नातेवाईकाला, आणि तोही बाकीच्या कामात गुंतल्या असतानाच. "समजलं" म्हटलं की बंद. मग ती मुद्दाम वेळ काढायला लागली. हे काय, ते का, गोळी कडू आहे का, डॉक्टर कधी येणार. पोरी वैतागायच्या. "अगं, आवर ना, भूक लागलीय!" असं औषधवाली दात-ओठ खात म्हणायची. वकील ढिम्म.

एकदा तो म्हणाला, "त्या उंच पोरीला सांग, हात ठणकतोय."

"शिडी, हात बघ गं यांचा," वकील भूमिका विसरून म्हणाली. शिडीने बघितलं. सलाईनची सुई रबरी नळीतून निसटली होती आणि सगळं पाणी प्लास्टिकच्या कातडीखाली साठून कोपराशी चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. शिडीने जीभ चावली, सुई काढली, बोळा दाबून धरला.

"तुला कसं कळलं?"

"त्यांनी सांगितलं."

शिडीने तिच्याकडे पाहिलं, मग काचेकडे. बोळा तिने जरुरीपेक्षा बराच वेळ दाबून धरला, आणि सोडताना त्या हातावरून सहज हात फिरवला.

आता हे सगळं वाचून कोणी म्हणेल, पोरगी घाबरली कशी नाही? घाबरली होती. पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून पडली होती. पण तिच्या भीतीचं एक होतं, की ती आली की पाठोपाठ राग यायचा, आणि राग भीतीला धक्के मारून बाहेर काढायचा. एक माणूस, मग तो कशाचाही बनलेला असो, गार लागतंय म्हणतो, हात ठणकतोय म्हणतो, आणि ते ऐकायचं काम म्हणे बिनमहत्त्वाचं! शिक्षा म्हणून द्यायचं!

परीक्षा जवळ आली तसं मॅडमनी प्रसंग सांगितला. दर वर्षी तोच असतो. पेशंटचं हृदय बंद पडतं, छाती दाबायची, उपयोग होत नाही, डॉक्टर फोनवर थांबा म्हणतात. मग मुख्य नर्सने नातेवाईकासमोर बसून ती बातमी सांगायची. "सोडून गेले, शांत झोपले, असली भाषा नको," मॅडम म्हणाल्या. "मृत्यू झाला म्हणायचं. स्पष्ट. नातेवाईक समजलं म्हणाले की परीक्षा संपली." मुख्य नर्स शिडी. तिच्या सगळ्या वर्षाचे गुण त्या एका प्रसंगावर.

त्याच दुपारी शेवटचा सराव होता. शिडी हात धुवायला गेली तेवढ्यात तो म्हणाला, "मारणार ना मला?"

वकील त्याच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली.

"दर वर्षी मारतात. कोणीतरी समजलं म्हणतं, एवढंच आठवतं. मग काही नाही. मग केव्हातरी पायांना वारा लागतो." तो थांबला. छाती कॉम्प्रेसरवर वर-खाली होत होती. बोलणं मात्र त्या तालावर नव्हतं. "तू म्हणू नकोस."

"काका, मी नाही म्हटलं तर माझं वर्ष जाईल. मैत्रिणीचंही जाईल."

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"हो," तो म्हणाला. "ते आहेच. बघ बाई तू."

त्याने आग्रह केला असता तर बरं झालं असतं. तिला भांडता आलं असतं.

घरी बाबा जेवणाचं ताट घेऊन तिची वाट बघत बसले होते. बाबा लिफ्ट दुरुस्तीला जायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींत, दुसऱ्यांची बोलणी खात. साहेब म्हणाला उशीर झाला, बाबा म्हणायचे, समजलं. घरमालक म्हणाला जागा सोडा, बाबा म्हणायचे, समजलं. आई गेली तेव्हा वकील दहावीत होती. हॉस्पिटलच्या जिन्यावर डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि बाबा हात जोडून म्हणाले, "समजलं, साहेब." डॉक्टर वर गेले. तिने बाबांचा शर्ट ओढून विचारलं होतं, काय समजलं? बाबांनी उत्तर दिलं नव्हतं. तिला तर काहीच समजलं नव्हतं, अजूनही समजलं नव्हतं, आणि याचा राग तिच्या मनात इतकी वर्षं कोंडून होता.

आज तिने विचारलंच. "बाबा, तेव्हा तुम्ही समजलं का म्हणालात?"

ती कधीचं म्हणतेय ते बाबांना सांगावं लागलं नाही. घास हातात धरून ते म्हणाले, "मग काय म्हणायचं असतं, बाळा? मी म्हटलं नसतं तर ते डॉक्टर तिथेच उभे राहिले असते. त्यांना दुसरे पेशंट होते."

"राहू द्यायचे होते की उभे!"

बाबा खाली बघून जेवत राहिले. तिने पुढे होऊन त्यांच्या ताटात वाढलं आणि मग तिला रडू आलं.

परीक्षेच्या सकाळी मॅडमनी पट्टी तिच्या गळ्यात घातली, पण लगेच सोडली नाही. दोन बोटांत धरून ठेवली. "आज वकिली नको," त्या म्हणाल्या. "आगाऊपणा केलात तर वर्ष नाही, कॉलेजच सोडावं लागेल. कळतंय?"

"ऐकू आलं, मॅडम."

बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई निरीक्षकाच्या स्टुलावर बसल्या. काचेमागे मॅडम आणि आकाशवाणी. प्रसंग सुरू झाला आणि शिडीने खरोखर कमाल केली. मॉनिटरवर रेघ सरळ झाली तशी ती पलंगावर गुडघा टेकून वाकली आणि मोठ्याने मोजत छाती दाबायला लागली. औषधवाली कुप्या फोडत होती, नोंदवाली वेळा ओरडत होती. घामाचा आणि पावडरचा वास खोलीभर झाला. वकील भिंतीशी उभी होती. नातेवाईकाने तेव्हा तिथेच उभं राहायचं असतं. फोन वाजला. शिडीने ऐकलं, ठेवला, हात काढले. सगळ्या थांबल्या.

मग ती स्टूल ओढून वकिलासमोर बसली. डोळ्याला डोळा. "आम्ही शक्य ते सगळं केलं. तुमच्या काकांचा मृत्यू झाला आहे. मला फार वाईट वाटतं." आवाज जरासुद्धा कापला नाही. "मी काय सांगितलं ते तुम्हाला समजलं का?"

"नाही," वकील म्हणाली.

शिडीने स्टूल आणखी पुढे सरकवलं. पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, आणखी सोपं. हृदय बंद पडलं, पुन्हा सुरू झालं नाही.

"नाही समजलं."

"अगं, म्हण ना," शिडीचे नुसते ओठ हलले. "माझी परीक्षा आहे." तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. वकिलाच्या काळजात चर्र झालं. काचेमागच्या मॅडमची तिला पर्वा नव्हती, पण या उंच, भित्र्या पोरीने तिच्यासाठी किती वेळा खोटं बोलून हजेरी लावली होती.

ती उठून परीक्षक बाईंकडे वळली. "बाई, या सिस्टरनी सगळं बरोबर केलं. छाती बरोबर दाबली, बरोबर थांबल्या, बरोबर सांगितलं. यांचे मार्क आत्ता लिहून टाका. समजलं नाही ते मला. त्यात यांची काही चूक नाही."

"नातेवाईकाने परीक्षकांशी बोलायचं नसतं," बाई चमकून म्हणाल्या.

"नातेवाईक कोणाशीही बोलतो, बाई. एकदा वॉर्डात येऊन बघा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आणि खरंच काहीतरी लिहिलं. वकील पलंगाशी गेली, बसली आणि पेशंटचं मनगट धरलं. मोटर बंद होती. प्रसंगात तो मेलेलाच होता.

स्पीकर खरखरला. "प्रसंग संपला आहे. पट्टी काढा."

"संपला कसा? मी म्हटलंच नाही अजून."

"तुम्ही नापास आहात."

"प्रसंग संपल्याशिवाय नापास करता येत नाही, मॅडम. नियम तुमचाच आहे."

औषधवाली फिसकन हसली आणि एकदम गप्प झाली. काचेमागे काहीतरी बोलणं झालं, अस्पष्ट. मग मॅडमचा आवाज, आता आकाशवाणीला उद्देशून: "बंद करा. सगळं बंद करा."

मॉनिटर काळा झाला. कॉम्प्रेसरची घरघर खाली खाली येत थांबली. तो आवाज इतका सवयीचा होता की थांबल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं. एवढ्यानेही समाधान झालं नसावं. आकाशवाणी स्वतः आत आला, वाकून भिंतीतला प्लग उपसला आणि हातात धरून काचेकडे दाखवला.



वकिलाने बोटं काढली नाहीत.

मनगटात काहीतरी हललं. मोटरचं टकटक तिला पाठ होतं. हे तसं नव्हतं. मऊ होतं, आणि एकसारखं नव्हतं.

मग छाती वर आली.

थांबली. खाली गेली.

परत वर आली.

आकाशवाणीने हातातल्या प्लगकडे बघितलं. मग पलंगाखाली बघितलं, कॉम्प्रेसरकडे. मग तो उलट्या पावलांनी दारापर्यंत गेला.

परीक्षक बाई उठल्या. कागद गोळा केले, पलंगाकडे पाठ करूनच केले, आणि निघून गेल्या. त्यांच्यामागून बाकीच्या पोरी, एकमेकींना ढकलत. शिडी तेवढी भिंतीला चिकटून उभी राहिली.

स्पीकर पुन्हा खरखरला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. कोणाचा, ते सांगता आलं नसतं.

"म्हण गं, पोरी." मॅडमचा आवाज. त्यांनी आजवर वर्गात कोणाला गं म्हटलं नव्हतं. "म्हणून टाक. त्रास होत नाही. मीही म्हटलं होतं."

वकिलाने काचेत पाहिलं. काचेत तीच होती, गळ्यात पट्टी, हातात हात.

"तुम्हालाही सांगितलं होतं त्यांनी? म्हणू नकोस म्हणून?"

"हो."

"मग का म्हटलंत?"



"परीक्षा होती."

वकिलाला मॅडमचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याऐवजी जिन्यावर हात जोडून उभे असलेले बाबा आठवले. तिचा आवाज खणखणीत निघाला.

"मी नाही म्हणणार मॅडम. आज नाही, उद्या नाही. वर्ष घ्या माझं. कॉलेजातून काढा. मला समजलेलं नाही."

माइक बंद झाल्याचा खट् आवाज आला. मोठे दिवे लागले नाहीत. बोळात मॅडमची पावलं ऐकू आली, दाराशी येता येता थांबली, मग लांब गेली.

दुपारी निकाल लागले. शिडी चांगल्या गुणांनी पास, शेऱ्यात लिहिलेलं: नातेवाईकाने नाकारल्यावरही शांत. वकिलाच्या नावापुढे लिहिलं होतं, निकाल राखून ठेवला आहे. ते तिला शिडीने येऊन सांगितलं, कारण वकील त्या खोलीतून हललीच नव्हती. उठून गेलं तर काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ते करून बघायची तिची तयारी नव्हती.

बाबांचा फोन आला. "कुठे आहेस गं? परीक्षा झाली ना?"

"नाही संपली, बाबा. मला उशीर होईल."

"बरं. सम—"

"बाबा! नको. तो शब्द नको."

बाबा म्हणाले, "बरं. मग मीच येतो तिकडे. काही खायला आणू का?"

"आणा," ती म्हणाली आणि तिला हसू आलं.

फोन ठेवला तरी शिडी गेली नव्हती. तिने पट्टी काढून ठेवली होती, बाह्या मात्र परत वर केल्या होत्या. एका हातात कोमट पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात घडी केलेली चादर. पलंगाकडे थेट बघायचं टाळत ती म्हणाली, "सकाळपासून पाठीवरच आहेत. कूस बदलायला हवी."

"तू जा घरी. तुला भीती वाटतेय."

"वाटतेय तर वाटतेय. तू त्या बाजूने धर."

दोघींनी चादरीला धरून, एक-दोन-तीन म्हणून त्याला डाव्या कुशीवर वळवला. आज तो जड होता. शिडीने फडकं पिळून पाठ पुसली, पावडर निघाली, आणि कमरेच्या खाली, माकडहाडाशी येऊन तिचा हात थांबला. तिथे एक लालसर चट्टा होता, तळहाताएवढा.

"रंग असेल," वकील म्हणाली. "कोणीतरी लावलेला."

शिडीने फडक्याने घासलं. फडकं पांढरंच राहिलं. मग ती तोंडातल्या तोंडात, वर्गात म्हणून दाखवायची तसं म्हणायला लागली, "पडून पडून लाल झालेली जागा बोटाने दाबावी. रक्त फिरत असेल, तर पांढरी पडते आणि..." पुढचं तिने म्हटलं नाही. वकिलाकडे बघितलं. वकिलाने मान हलवली.

शिडीने अंगठा टेकवला, दाबला, काढला. ठसा पांढराफटक उमटला होता. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या, आणि कडेकडेने, अगदी सावकाश, त्यात लाली परत भरून आली.